पंप पाणी का सोडतो? : भोर-वेल्हे परिसरातील पोहण्याच्या हौदांच्या निमित्ताने

भोर व वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील दोन डोंगरी तालुके होत. वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. लोकांच्या बोलण्यात मात्र जुने नाव अद्याप रुळलेले आहे व प्रस्तुत लेखात तेच वापरले आहे. भाटघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी आणि नीरा-देवघर या धरणांनी या मुलखातील बराच सखल भाग पाण्याखाली गेला, आणि त्या जलाशयांच्या काठाने गेल्या काही दशकांत शहरवासीयांची फार्महाऊसे उभी राहिली. त्यांपैकी पुष्कळांच्या अंगणात पोहण्याचा एक लहानसा हौद असतो. हौदाचे पाणी नितळ राहावे म्हणून ते पंपाने उचलून वाळूच्या गाळणीतून पुन्हा हौदात सोडण्याची योजना केलेली असते. या पंपासंबंधीची एक तक्रार सर्वत्र ऐकू येते. वरवर पाहता ती एखाद्या मिस्त्रीने तासाभरात निकालात काढावी इतकी क्षुल्लक वाटते. परंतु तिच्या मुळाशी वायुभाराचा जो सिद्धांत आहे तो नीट न समजल्यामुळेच ती वर्षानुवर्षे तशीच राहते.

तक्रार अशी : सायंकाळी पंप उत्तम चालत होता, रीतसर बंद केला, सकाळी सुरू करावा तो मोटर फिरते, आवाज येतो, पण पाणी येत नाही. पंपाच्या तोंडाशी कचरा अडविण्यासाठी जाळीची टोपली असलेले एक भांडे असते व त्यास पारदर्शक झाकण असते. झाकणातून पाहिले तर रात्री काठोकाठ असलेले ते भांडे कोरडे पडलेले दिसते. मग झाकण उघडून बादलीने पाणी ओतावयाचे, झाकण घट्ट करावयाचे आणि पुन्हा बटण दाबावयाचे, हा नित्यक्रम होऊन बसतो. या प्रकाराचे वर्णन करण्यासाठी दोन वाक्प्रयोग रूढ आहेत. हौदाची देखभाल करणारा गडी म्हणतो, 'पंपाने पाणी सोडले.' मिस्त्री म्हणतो, 'पंपाने हवा धरली.' दोघेही एकाच घटनेविषयी बोलत आहेत असे ऐकणारास वाटते. वस्तुतः ही दोन निरनिराळ्या दोषांची नावे आहेत, आणि दोन्ही दोष एकत्र आल्याखेरीज पंप रात्रीतून रिकामा होत नाही. हाच या लेखाचा मुख्य मुद्दा होय.

तो समजण्यासाठी प्रथम एक जुना गैरसमज दूर केला पाहिजे. पंप पाणी 'ओढतो' असे आपण म्हणतो; पंप पाणी ओढीत नाही. पंप नळीतील दाब कमी करतो आणि हौदाच्या पृष्ठभागावर असलेला हवेचा भार पाण्याला नळीत ढकलतो. शोषक पंपाने सुमारे १८ हातांपलीकडे पाणी चढत नाही, ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात नमूद केली होती. तिचे खरे कारण त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने १६४३-४४ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीने दाखविले. हवेच्या भारानेच पारा नळीत तोलला जात असेल, तर उंचावर तो खाली उतरला पाहिजे, असे अनुमान पास्कालने बांधले. त्याच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा पेरिये याने १६४८ मध्ये फ्रान्समधील प्वी द दोम या डोंगरावर नळी नेली, तेव्हा पायथ्याच्या मानाने पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली आलेला आढळला. प्वी द दोमची उंची १४६५ मीटर आहे. वेल्हे गावाच्या डोक्यावर उभा असलेला तोरणा १४०३ मीटर उंच आहे. तेव्हा पेरियेचा प्रयोग पडताळून पाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास फ्रान्सला जाण्याचे कारण नाही. तोरण्याचा चढ पुरेसा आहे.

समुद्रसपाटीस हवेचा भार पाण्याचा १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. भोर-वेल्ह्यातील जलाशयांचे काठ साधारणपणे ६०० ते ६५० मीटर उंचीवर आहेत. तेथे प्रमाण वातावरणाच्या हिशेबाने हा स्तंभ सुमारे ९.६ मीटर भरतो, व तोरण्याच्या माथ्यावर पावणेनऊ मीटरच्या आसपास येतो. त्यातून पाण्याच्या स्वतःच्या बाष्पदाबाची वजावट करावी लागते. ३० अंश सेल्सिअसला ती सुमारे ४० सेंटिमीटर होते. नळीतील घर्षण, वळणे, जाळ्या यांचा वाटा निराळाच. म्हणून व्यवहारात सहा मीटरांपलीकडे शोषणाचा भरवसा धरू नये, असे सांगतात. जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात जसजसे मागे हटते तसतसा काठावरील शेतकऱ्यास आपला पंप उतारावरून खाली न्यावा लागतो, त्याचे कारण हेच. हौदाच्या पंपाची गोष्ट वेगळी. तो पाण्याच्या पातळीपासून फार तर मीटर-दीड मीटर उंच असतो. वायुभाराची ऐपत त्याच्या गरजेच्या कितीतरी पट आहे. सबब पंप उचलत नाही म्हणून मोठी मोटर बसविणे, हा या परिसरात वारंवार योजला जाणारा उपाय शास्त्रदृष्ट्या निराधार होय.

मोटर कितीही मोठी असली तरी कोरडा पंप पाणी का उचलत नाही, हेही याच ओघात पाहणे युक्त ठरेल. हौदांवर वापरले जाणारे पंप केंद्रोत्सारी जातीचे असतात. पात्यांचे चाक, म्हणजे इंपेलर, आतील द्रवास गरगर फिरवून परिघाकडे फेकते. असा पंप द्रवाला जी उंची देतो ती द्रवाच्या घनतेवर अवलंबून नसते. मात्र त्या उंचीमुळे निर्माण होणारा दाब घनतेवर अवलंबून असतो. जो पंप पाण्याला दहा मीटर उंची देतो तो हवेलाही दहा मीटरच देईल. परंतु या उंचीवरील एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१ किलोग्रॅम, तर पाण्याचे हजार. दहा मीटर हवेचा स्तंभ म्हणजे जेमतेम एक सेंटिमीटर पाणी. पाणी मीटरभर खाली आणि पंपाची शक्ती सेंटिमीटरची, अशी ही विषम लढत असते. म्हणूनच पंप आधी पाण्याने भरून द्यावा लागतो, आणि भरलेला पंप भरलेलाच राहील अशी व्यवस्था करावी लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हौदापासून पंपापर्यंत येणारी शोषण-नळी, जिला मिस्त्री सक्शन म्हणतात, ती पंप बंद झाल्यावर पाण्याने भरलेली असते. ते पाणी आपल्या भाराने हौदात परतू पाहते. त्यास अडविण्यासाठी नळीवर एकदिशा झडप बसवितात. शेतीपंपांच्या नळीच्या तळाशी असते तो फुटव्हॉल्व्ह. शेतकरी त्यास सर्रास फुटबॉल म्हणतात. हौदांवर ही झडप बहुधा पंपाच्या अलीकडे असते. झडप शाबूत असेल तर पाणी परतणार नाही, हे सर्वांना ठाऊक असते. लक्षात येत नाही ते हे, की झडप नादुरुस्त असली तरीही, वरून हवेला शिरकाव मिळाल्यावाचून पाणी परतू शकत नाही. सरबताच्या पेल्यातील नळी वरच्या टोकास बोटाने बंद करून उचलली असता आतले सरबत खाली पडत नाही. बोट काढताच पडते. बोट हवेची वाट अडविते, एवढेच त्याचे कार्य. पंप व त्याच्या नळ्या निर्वात राहतील इतक्या घट्ट असतील, आणि गाळणीतून परतणाऱ्या नळीचे तोंडही हौदाच्या पाण्यात बुडालेले असेल, तर ती सर्व रचना एखाद्या उलट्या पन्हळीप्रमाणे पाण्याने भरलेली राहील, मग झडप असो वा नसो. उलटपक्षी वर हवेचा शिरकाव आहे पण झडप घट्ट आहे, अशा स्थितीतही पाणी जागचे हलणार नाही. झडपही गळकी आणि वर हवेचीही वाट, असे दोन्ही जुळून आले म्हणजेच भांडे सकाळी कोरडे दिसते.

यावरून व्यवहारातील एक कोडे उलगडते. मिस्त्री झडप बदलतो आणि पंप रात्रीतून रिकामा होणे थांबते. मालक समाधानाने पैसे देतो. परंतु चालत्या पंपातून बुडबुडे येणे चालूच राहते, गाळणीच्या माथ्यावर हवा साठत जाते आणि काही महिन्यांत नवी झडप कचऱ्याने गळू लागताच तक्रार परत येते. दोन दोषांपैकी एकच नाहीसा झालेला असतो. एकच दोष दूर केल्याने लक्षण नाहीसे व्हावे, ही या यंत्ररचनेची मोठी फसवी बाजू आहे, आणि निदानशास्त्राच्या अभ्यासकांनी ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

येथे एक अपवाद नोंदविला पाहिजे. पुष्कळ हौदांवर शोभेसाठी परतीचे पाणी उंचावरून पन्हळीतून पाडतात. अशा वेळी परतीची नळी उघड्यावर असते. पंप थांबताच तीतून हवा आपसूक आत येते. म्हणजे वरची वाट रचनेतच उघडी ठेवलेली आहे. अशा ठिकाणी सारी भिस्त झडपेवर राहते, व ती काढून टाकण्याचा सल्ला देणारा मिस्त्री यजमानाचे अहित करतो.

हवा कोठून शिरते हे शोधताना सर्वांत मोठी अडचण अशी, की शोषणाच्या बाजूची गळती ओली नसते. त्या नळीत आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असल्याने पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. सांधा कोरडा ठणठणीत दिसतो आणि म्हणून निर्दोष ठरविला जातो. पंपाच्या पुढील बाजूस स्थिती नेमकी उलटी. तेथे पंप चालू असताना दाब अधिक असतो व सदोष सांधा पाणी गाळतो. पंप थांबला, की तोच सांधा हौदाच्या पातळीहून उंच असल्यामुळे तेथील दाब हवेहून कमी होतो आणि तो श्वास घेऊ लागतो. यातून तपासणीचा क्रम आपोआप ठरतो. चालत्या पंपाच्या झाकणातून बुडबुडे दिसत असतील तर दोष पंपाच्या अलीकडे. बुडबुडे नाहीत, तरी रात्रीतून भांडे रिकामे होते, असे असेल तर दोष पंपाच्या पलीकडे किंवा त्याच्या आसाभोवतीच्या मेकॅनिकल सीलमध्ये शोधावा. मोटर व पंप यांच्या मधल्या जागी ओल किंवा क्षारांची पांढरी रेघ दिसली तर ती या सीलचीच साक्ष होय.

पंपाच्या अलीकडचा दोष असेल तर प्रथम हौदाच्या पाण्याची पातळीच पाहावी. पृष्ठभागावरील पालापाचोळा ओढून घेणारे जे तोंड भिंतीत असते, ज्यास स्किमर म्हणतात, त्याच्या निम्म्याखाली पाणी उतरले की भोवरा तयार होऊन हवा सरळ नळीत जाते. हे कारण इतके साधे आहे की ते शेवटी पाहिले जाते. त्यानंतर भांड्याचे झाकण. त्याखालचे रबरी कडे उन्हाने कडक झालेले असते किंवा त्यावर वाळूचा एखादा कण बसलेला असतो. कडे पुसून त्यास सिलिकोनचे वंगण लावावे. पेट्रोलियमपासून केलेल्या मलमांनी काही जातींचे रबर फुगते व कुजते. मग आट्यांचे सांधे. पंप चालू ठेवून प्रत्येक सांध्यावर साबणाचा दाट फेस लावावा : जेथे फेस आत ओढला जाऊन खळगा पडेल तेथे हवेची वाट आहे. नळाचे पाणी सांध्यावर सोडत राहिले आणि बुडबुडे तेवढ्यापुरते थांबले, तरीही निष्कर्ष तोच. मात्र हा प्रयोग मोटरीपासून दूरच्या सांध्यांवरच करावा. अनेक हौदांना स्किमरची एक व तळाची एक अशा दोन नळ्या असतात. त्यांच्या झडपा आळीपाळीने बंद करून पाहिल्यास कोणती नळी दोषी आहे हे कळते. परंतु असे करताना हौदात कोणीही असता कामा नये, आणि तळाची जाळी जागेवर घट्ट बसलेली असलीच पाहिजे. एकाच तोंडावर पंपाचे सारे शोषण आले असता, २० सेंटिमीटर व्यासाच्या उघड्या तोंडावर वायुभाराच्या केवळ तीन-दशांश फरकाने सुमारे ९५ किलोग्रॅमचा भार पडतो. त्या तोंडावर लहान मूल चिकटले तर मोठ्या माणसालाही त्यास ओढून काढता येणार नाही.

आट्यांच्या सांध्यांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. कारण या परिसरात दोषाचे मूळ बहुधा तेथे असते आणि त्याची उत्पत्ती चमत्कारिक आहे. डोंगरी भागात, विशेषतः पावसाळ्यात, वीज वारंवार जाते. ती परत आल्यावर पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून शेतीपंपांप्रमाणे काही हौदांच्या पंपांनाही ऑटो-स्विच लावलेला असतो. वीज जाणे ही प्रत्येक वेळी झडपेची एक परीक्षाच असते. तीत झडप नापास झाली आणि पाणी उतरले, तर वीज येताच पंप कोरडा फिरू लागतो. घरात बहुधा कोणी नसते. पंपात उरलेले ओंजळभर पाणी घुसळून घुसळून तापते, वाफाळते, आणि पंपाच्या तोंडाशी बसविलेला पी.व्ही.सी.चा आटेदार तुकडा त्या उष्णतेने मऊ पडून आकसतो. थंड झाल्यावर तो पूर्ववत होत नाही. आट्यांत केसभर फट राहते, आणि ती फट नेमकी शोषणाच्या बाजूस असते. म्हणजे पाणी उतरल्यामुळे पंप कोरडा फिरला, कोरडा फिरल्याने सांधा आकसला, सांधा आकसल्याने हवेला वाट मिळाली, आणि त्या वाटेने पाणी पुन्हा पुन्हा उतरू लागले. कार्याने कारणाचे रूप घेतले. येथे सुतळी-सफेदा किंवा टेफ्लॉनची पट्टी आणखी गुंडाळून भागत नाही. तो तुकडाच बदलावा लागतो, आणि ऑटो-स्विच काढावा किंवा कोरड्या पंपास थांबविणारे साधन बसवावे लागते. नाहीतर नव्या तुकड्याचीही तीच गत होते.

या मुलखात घरे उतारावर बांधलेली असतात, त्यामुळे पंपघर कधी हौदाच्या वर तर कधी बरेच खाली पडते. खाली असलेल्या पंपाला उपरोक्त रोग होत नाही. तो नेहमी भरलेलाच असतो, आणि त्याची गळती ओली व उघड असते. त्याचा धोका वेगळा. झडपा बंद न करता झाकण उघडले तर अख्खा हौद पंपघरात उतरू लागतो.

उतारामुळेच आणखी एक दोष संभवतो व तो बराच काळ लपून राहतो. गाळणीतील वाळू उलट्या प्रवाहाने धुण्यासाठी एक बहुमुखी झडप असते व धुण्याचे पाणी एका नळीने बाहेर सोडतात. ही नळी बहुधा खालच्या भातखाचराच्या बांधापर्यंत नेलेली असते, म्हणजे हौदाच्या पातळीहून कित्येक मीटर खाली. बहुमुखी झडपेतील रबरी चकती झिजली, की पंप चालू असताना थोडे पाणी या नळीने जाऊ लागते. आणि एकदा ती नळी भरली, की पंप थांबल्यावरही वक्रनलिकेच्या तत्त्वाने हौदाचे पाणी रात्रभर उतरत राहते. सकाळी पातळी घसरलेली दिसते. हौदाला तडा गेला असा समज होऊन फरशा उखडल्या जातात. वस्तुतः नळीचे दूरचे टोक जाऊन पाहिले असते तर सारा उलगडा झाला असता. बाष्पीभवनाचा वाटा वेगळा काढावयाचा असल्यास पाण्याने भरलेली बादली हौदाच्या पायरीवर ठेवून दोन्हींतील घट ताडून पाहावी. हौदातील घट अधिक असेल तर ती गळती होय.

आठ मीटर लांब व चार मीटर रुंद अशा हौदात एक सेंटिमीटर पातळी म्हणजे ३२० लिटर पाणी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेने ग्रामीण भागात माणशी रोजचे प्रमाण ५५ लिटर धरले. त्या मापाने बांधावर मुकाट्याने वाहून जाणारा हा एक सेंटिमीटर जवळजवळ सहा माणसांचा एका दिवसाचा वाटा होतो. धरणे उशाशी असूनही या दोन्ही तालुक्यांतील उंचावरच्या वाड्यावस्त्यांना वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, आणि हौदाची पातळी भरून काढण्यासाठीही बऱ्याचदा टँकरच येतो.

गळती सापडत नाही म्हणून शेवटी हौद पूर्ण रिकामा करण्याचा निर्णय होतो, आणि तो बहुधा पावसाळ्यात होतो. कारण तेव्हा हौद पुन्हा भरण्यास पाणी मुबलक असते. हा निर्णय घातक ठरू शकतो. येथील जमिनीत वरचा मातीचा व मुरुमाचा थर पातळ आणि खाली काळा कातळ असतो. कातळात हौदासाठी खोदलेला खड्डा स्वतःच एखाद्या वाडग्यासारखा असतो. आषाढ-श्रावणात डोंगरावरून मुरणारे पाणी हौदाची भिंत व खड्ड्याची भिंत यांमधील भरावात साठते व त्यास निघून जाण्यास वाट नसते. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, दीड मीटर खोल आणि २० सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या हौदाचे स्वतःचे वजन सुमारे ३६ टन भरते. बाहेरील पाणी त्याच्या बुडापासून एक मीटरभर चढले, की त्याने विस्थापित केलेल्या पाण्याचे वजन तितकेच होते. भरलेल्या हौदात आणखी ४८ टन पाणी असल्याने तो जागचा हलत नाही. रिकामा केलेला हौद मात्र आर्किमिडीजच्या नियमाने नावेसारखा उचलला जातो, त्याच्या तळास भेगा पडतात आणि त्यास जोडलेल्या नळ्या तुटतात. राजगडावर व तोरण्यावर कातळातच कोरलेली टाकी आहेत, त्यांना हे भय नाही. तेथे भांडे आणि डोंगर एकच आहेत.

हौद बांधतानाच त्याच्या बाहेरील बाजूस, बुडाच्या पातळीपर्यंत, एक सच्छिद्र उभी नळी पुरून ठेवली तर हा धोका मोजता येतो. कोरडी काठी तीत सोडून किती भिजते ते पाहावे. वरील मापाच्या हौदासाठी ती अर्ध्या मीटरहून अधिक भिजत असेल तोवर हौद रिकामा करू नये, आणि उतार असेल तेथे भरावातील पाणी खालच्या बाजूस चर काढून बाहेर सोडावे. ज्या हौदांना अशी नळी नाही त्यांची डागडुजी, जवळच्या विहिरीचे पाणी खोल गेल्यावर, म्हणजे साधारणतः फाल्गुनानंतर, हाती घ्यावी.